वन वे व्हिजनवरचं लॅमिनेशन पावसाळ्यात पुन्हा पुन्हा का सुटतं?

वन वे व्हिजन म्हणजे काचेवर लावायची भोकाभोकांची छापील फिल्म: बाहेरून जाहिरात दिसते, काचेकडची बाजू काळी असल्याने आतून बाहेरचं दिसतं. तिच्यावर चढवायची पारदर्शक फिल्म म्हणजे लॅमिनेशन. गेल्या वर्षी जूनमध्ये अशी लावलेली एक काच सप्टेंबरपर्यंत मी तीनदा सोलून परत लावली. तिन्ही वेळा तक्रारीचे शब्द तेच होते, "लॅमिनेशन खराब झालंय," आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. ज्यांच्याकडे असा जॉब एकदा तरी परत आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

काम चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यातल्या बसचं. ही बस पाहुण्यांना एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फिरवते, फाटकाबाहेर कधी येत नाही. हे आधी सांगतो, कारण रस्त्यावरच्या गाडीच्या काचेला मी काही लावत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचेवर काळी फिल्मच काय, दुसरं काहीही चिकटवायला मनाई केली. वन वे व्हिजनमध्ये भोकांचा हिस्सा ३० ते ५० टक्के, त्यामुळे ७० चा प्रश्नच येत नाही. "सगळे लावतात" म्हणणारी पार्टी दंडाच्या पावतीच्या वेळी आपल्याकडेच येते. आवारातली बस, एका जागी उभा प्रदर्शनाचा ट्रेलर, शोरूमचा दर्शनी भाग, एटीएमचं दार, या कामांना हरकत नाही.

आता लॅमिनेशन मुळात कशाला करायचं? बसला आधी साधं, बिनलॅमिनेशनचंच लावलं होतं. पहिल्या पावसात ड्रायव्हरचा फोन: आरशात मागचं काही दिसत नाही. भोक साधारण दीड मिलिमीटरचं असतं. त्यात पाणी गेलं की ओघळत नाही, पृष्ठताणामुळे तिथेच अडकून बसतं आणि प्रत्येक भोकाचं एक भिंग होतं. ६०-४० च्या मीडियात, म्हणजे छपाईच्या फिल्ममध्ये ६० टक्के भाग भरीव आणि ४० टक्के भोकं धरली तर, एका चौरस मीटरमध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास भोकं येतात. तेवढी भिंगं एकदम समोर आली की मागे रस्ता आहे की भिंत, काही कळत नाही. वर धूळ, डिझेलचा धूर, धुताना लागलेला साबण, हे सगळं भोकात जाऊन बसतं ते वेगळंच. म्हणून वरून पारदर्शक लॅमिनेशन लावून भोकांची तोंडं बंद करायची. छज्ज्याखालच्या दुकानाच्या काचेला याची काही गरज नाही, उगाच खर्च वाढतो.

पण तोंडं बंद केली की एक नवी गोष्ट जन्माला येते, आणि पुढच्या सगळ्या कटकटी तिच्यातूनच निघतात. काच, भोकाची कड आणि वरचं लॅमिनेशन यांच्यामध्ये प्रत्येक भोक ही एक बंद कोठडी होते. आत जे अडकलं, हवा असो, पाणी असो की शाईचं सॉल्व्हंट (शाई सुकताना उडून जाणारं द्रावक), ते तिथेच राहणार. शिवाय लॅमिनेशनला धरायला जागा फक्त ६० टक्के. साध्या व्हिनाईलवर, म्हणजे बिनभोकांच्या स्टिकर फिल्मवर, जी चूक खपून जाते, ती इथे महिन्याभरात वर येते.

पहिला फेरा: काठ उठले

जूनच्या शेवटच्या आठवड्यात फोटो आला. खालच्या काठाने बोटभर रुंदीचा मळकट पट्टा दिसत होता, कोपऱ्यात लॅमिनेशन सुटून वळलेलं. आमच्या ऑपरेटरचं निदान तयार होतं: "लॅमिनेशनचा रोल हलका आलाय." मीही मान डोलावली आणि सप्लायरशी फोनवर वाजवून घेतलं. त्याची माफी नंतर मागितली.

सोललेला तुकडा टेबलावर उलटा ठेवून भिंगाने काठ पाहिला तेव्हा उलगडा झाला. वन वे व्हिजन कुठेही सरळ कापा, कटर भोकांच्या मधून जातोच. कापलेली कड ही सरळ रेष राहत नाही, अर्ध्या भोकांची दंतुर रांग होते. वरचं लॅमिनेशन त्याच रेषेत कापलं असेल तर त्या प्रत्येक अर्ध्या भोकावर ते अधांतरी असतं, आणि भोकाचं तोंड बाहेर उघडं. पाणी आत ओढलं जातं, पाठोपाठ माती जाते, आणि प्रेशर पंपाचा फवारा काठावर आला की उरलंसुरलं उचकटतं. कारखान्यात बस रोज धुतात. बिचाऱ्या लॅमिनेशनने तग धरला तेवढं नवल.

उपाय असा की लॅमिनेशन प्रिंटपेक्षा मोठं ठेवायचं, चारी बाजूंनी १० मिलिमीटर बाहेर. तो बाहेरचा पट्टा थेट काचेला चिकटतो आणि अर्धी भोकं झाकली जातात. पार्टीला वाटतं, काठाने रिकामी जागा सोडली. समजावून सांगावं लागतं. काचेच्या रबरापासून लॅमिनेशनची कड ५ मिलिमीटर अलीकडे थांबवायची, म्हणजे प्रिंट रबरापासून १५ मिलिमीटरवर संपतो. रबरावर चढवलेली कड सगळ्यात आधी उठते. रबर हलतं, त्यावर तेलकटपणाही असतो. चारी कोपरे गोल कापायचे, एक रुपयाच्या नाण्याच्या गोलाईने भागतं. टोकदार कोपरा म्हणजे नखाला आणि फवाऱ्याला आमंत्रण.

हे करायचं कसं, यात खरी मेख आहे. लॅमिनेशन करून मग कापायची सवय असल्यामुळे बाहेरचा पट्टा मिळतच नाही. आम्ही आता क्रम उलटा केलाय. आधी प्रिंट मापाने कापून घेतो. मग त्याचा मागचा कागद काढून प्रिंट एका मोठ्या, अखंड सिलिकॉन कागदावर बसवतो (वाया गेलेल्या व्हिनाईलचा कागद यासाठी जपून ठेवलेला असतो) आणि तो सगळा संच लॅमिनेशन मशीनमधून काढतो. बाहेरचं लॅमिनेशन त्या कागदावरच तात्पुरतं चिकटतं. शेवटी प्रिंटच्या बाहेर १० मिलिमीटर ठेवून कापायचं. काचेवर लावताना एकच कागद निघतो आणि प्रिंट व पट्टा एकत्रच मोकळे होतात. दोन माणसं लागतात. १.८ मीटरचा तुकडा एकट्याने फिरवायला गेलात तर तो स्वतःलाच चिकटतो; हे मी करून पाहिलंय.

कागद बदलण्याचा आणखी एक फायदा. काही मीडियाचा मागचा कागदही भोकांचाच असतो. काहींना त्या भोकांच्या कागदामागे दुसरा अखंड कागद असतो. नुसत्या भोकांच्या कागदावर लॅमिनेशन केलंत, तर त्याचा गम भोकातून उतरून कागदाच्या कडेला धरतो, कधी खालच्या रोलरलाही. मग लावताना कागद सुटत नाही, सुटला तर लॅमिनेशनला खाली ओढत सुटतो. बरेच जण याला "चिकट मीडिया" म्हणतात. मीडियाचा काही दोष नसतो.

दुसरा फेरा: सकाळी धुकं, दुपारी गायब

काठ बरोबर झाले. जुलैच्या मध्यावर दुसरी तक्रार: काच पांढुरकी दिसते. मी गेलो दुपारी दोनला, काच स्वच्छ. गार्ड हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो, तर आतून पाहताना काचेच्या खालच्या तिसऱ्या भागात प्रत्येक भोक दुधाळ.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं निम्मं काम वाचेल. पांढुरकेपणा सकाळी येऊन ऊन चढल्यावर जात असेल तर आत पाणी आहे. दिवसभर तसाच राहत असेल तर गमचा किंवा लॅमिनेशनचा प्रश्न आहे. दुपारी पाहून निदान करू नका.

पाणी आलं कुठून? मी दोष दिला पावसाळी हवेला. "दमट हवा भोकात अडकली, रात्री गार झाली, दव जमलं." ऐकायला पटतं. पण मुलीला अकरावीचं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांशी बोलता बोलता त्यांनी कागदावर हिशेब मांडला आणि माझी थिअरी तिथेच संपली. मीडियाची जाडी ०.१५ मिलिमीटर, भोकं ४० टक्के, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये भोकांतली सगळी हवा मिळून ६० मिलिलिटर. २५ अंशाला पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण २३ ग्रॅम बाष्प असतं. ६० मिलिलिटरमध्ये ते येतं दीड मिलिग्रॅमच्याही आत. पाण्याचा एक थेंब ५० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका थेंबाचा तिसावा हिस्सासुद्धा नाही, आणि तोही चौरस मीटरभर पसरलेला. एवढ्याने काच पांढरी होत नाही. म्हणजे आत हवेतलं बाष्प नव्हतं, चक्क द्रव पाणी होतं.

मग आठवलं. आमच्या मामांची, म्हणजे वीस-बावीस वर्षं फिटिंग करणाऱ्या आमच्या जुन्या माणसाची सवय. व्हिनाईल मोठं असलं की ते काचेवर साबणपाण्याचा फवारा मारतात, तुकडा सरकवून जागेवर आणतात आणि पट्टीने पाणी काढतात. साध्या व्हिनाईलला हे चालतं. बिनलॅमिनेशनच्या वन वे व्हिजनलाही एक वेळ निभावतं, कारण भोकातलं पाणी दोन दिवसांत वाळतं. लॅमिनेशन केलेल्याला अजिबात नाही. पट्टी पाणी काठाकडे ढकलते खरी, पण भोकात पट्टी पोचतच नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "थोडंच मारलं होतं रे." थोडं म्हणजे तीन-चार थेंब धरले तरी हवेतल्या बाष्पापेक्षा शंभर पटीहून जास्त.

आणि खालच्या तिसऱ्या भागातच का? रबराच्या खोबणीत धुण्याचं पाणी साठून असतं. पट्टीने रबराजवळ दाबलं की ते बाहेर येतं आणि प्रिंटखाली सरकतं. यावर इलाज म्हणजे लावायच्या आदल्या दिवसापासून काच धुवायची नाही, रबराच्या खोबणीतून टिश्यू फिरवून घ्यायचा, गरज वाटली तर हीट गन लांबून, मंद, फक्त खोबण सुकवण्यापुरती. काच आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायची आणि उडून जाऊ द्यायची. बाजारातला सुगंधी काच-क्लीनर नको, त्याचा थर राहतो. पहाटे उघड्यावर उभ्या गाडीच्या काचेवर दव असतं, बोटाने जाणवत नाही इतकं. त्यामुळे फिटिंग शेडमध्ये आणि दहाच्या पुढे.

कोरडं लावताना दुसरी अडचण येते. उघड्या भोकांचा मीडिया लावणं सोपं असतं, हवा भोकातून निघून जाते, बबल होतच नाही. लॅमिनेशननंतर ती वाट बंद. म्हणून मध्यभागी आडवी टेप लावून तुकडा टांगायचा, अर्धा कागद काढायचा आणि फेल्ट लावलेली पट्टी मधून काठाकडे मारायची, प्रत्येक हात आधीच्या हातावर निम्मा चढवून. राहिलेल्या बबलला टाचणी मारू नका. टाचणीचं भोक म्हणजे पाण्याला नवं दार.

तिसरा फेरा: ऊन पडलं आणि बोगदे उठले

ऑगस्टमध्ये आठवडाभर उघडीप झाली. चौथ्या दिवशी काचेवर लांबट फुगे, एका दिशेने, वरून खाली, गांडुळांसारखे. हात फिरवला की दबायचे, हात काढला की परत. हे मात्र आमच्याच मशीनचं पाप होतं, आणि एक नव्हतं, दोन.

पहिलं म्हणजे शाई. आमचं मशीन इको सॉल्व्हंट, म्हणजे त्याची शाई सॉल्व्हंट उडाल्यावरच सुकते. एरवी प्रिंट रात्रभर ठेवायचो. तिसऱ्या वेळी पार्टी दारात उभी म्हणून दुपारी प्रिंट काढून संध्याकाळी लॅमिनेशन केलं. भोकांच्या कडेला शाई जास्त साठते, तिथे ती सगळ्यात उशिरा सुकते, आणि लॅमिनेशनने नेमकी तीच कड धरायची असते. अडकलेलं सॉल्व्हंट गम मऊ करतं. आता नियम असा: किमान २४ तास, पावसाळ्यात ४८, प्रिंट उघडा लटकवून. घट्ट गुंडाळून ठेवलेला रोल आठवडाभरातही आतून सुकत नाही. खात्री करायची तर प्रिंटची सैल सुरळी करून तोंडाशी नाक न्या. वास आला की अजून थांबा. काळा रंग आणि गडद निळा शेवटी सुकतो, त्यामुळे वास तिथेच घ्यायचा. यूव्ही किंवा लेटेक्स मशीन असेल, ज्यात शाई मशीनमध्येच सुकते, तर ही वाट पाहणं वाचतं.

दुसरं म्हणजे ताण. लॅमिनेशनच्या रोलचा ब्रेक आम्ही कसून ठेवायचो, सुरकुती पडू नये म्हणून. ताणलेली फिल्म प्रिंटवर बसते आणि मग हळूहळू मूळ मापाला परत येऊ पाहते. साध्या व्हिनाईलवर पूर्ण गम तिला धरून ठेवतो. इथे ६० टक्केच धरतो, त्यातही कडेला ओली शाई. मग ती जिथे सुटायचं तिथे रांगेत सुटते. वर उन्हाची भर: भोकातली हवा २५ अंशांवरून ६५ वर गेली तर साधारण १३ टक्के फुगते. काळी बाजू काचेला, बस उन्हात उभी, ६५ काही फार नाही. मजबूत चिकटलेलं लॅमिनेशन ते सहन करतं, सुटू लागलेलं उचललं जातं.

ताण जास्त आहे का, हे तपासायला यंत्र लागत नाही. लॅमिनेशन झाल्यावर फूटभर चौकोनी तुकडा कापा, मागचा कागद काढा, टेबलावर सिलिकॉन कागदावर सैल ठेवा, चहा पिऊन या. तुकडा प्रिंटच्या बाजूला वळून ताटलीसारखा झाला असेल तर लॅमिनेशन ताणून बसलंय. सपाट राहिला तर ठीक. आम्ही ब्रेक इतका सैल केला की रोल हाताने फिरवला तर सहज फिरतो, आणि सुरकुती टाळायला वेग कमी केला. दाबही उतरवला. रोलरचा रबर मऊ असतो, जास्त दाबलं की लॅमिनेशन भोकात खोल जातं आणि प्रत्येक भोकावर खळगा होतो. आतून बघणाऱ्याला प्रत्येक खळगा पुन्हा भिंगच. म्हणजे ज्यासाठी लॅमिनेशन केलं तेच हातचं गेलं.

लॅमिनेशनच्या निवडीबद्दल थोडं, कारण पैसे इथे वाचवायचा मोह होतो. साध्या ग्लॉसी लॅमिनेशनचा मागचा कागद खरखरीत असतो, त्याची खडबड गमवर उमटते. छापील फोटोवर ती दिसत नाही. पण भोकातून माणूस त्या गमच्या आरपार बघत असतो, आणि त्याला सगळं किंचित तेलकट दिसतं. वन वे व्हिजनसाठी मिळणाऱ्या ऑप्टिकल क्लिअर लॅमिनेशनला मागे कागदाऐवजी गुळगुळीत पॉलिस्टर असतो, म्हणून गमही गुळगुळीत येतो. पारख सोपी: दोन्हींचे तुकडे काचेवर लावा आणि काचेपलीकडे हातभर अंतरावर वर्तमानपत्र धरून वाचा. फरक सांगावा लागत नाही. शिवाय कास्ट, म्हणजे पातळ ओतून बनवलेली फिल्म घ्या. कॅलेंडर्ड, म्हणजे रोलरमधून दाबून बनवलेली फिल्म उन्हात आक्रसते, काठ मागे सरकतात आणि आपण वर केलेली १० मिलिमीटरची मेहनत वाया जाते. मॅट लॅमिनेशन मागणारी पार्टी येतेच, चकाकी नको म्हणून. त्यांना एक नमुना लावून दाखवा, आतून पाहिलं की तेच नको म्हणतात.

गोलाकार काचेवर हे सगळं लावायला जाऊ नका. लॅमिनेशन केलेला तुकडा हीट गनने ताणला तर भोकं लांबट होतात, थंड झाला की परत ओढतो आणि वळणावर पहिला सुटतो. एका बाजूला हलका बाक असेल तर चालतं, दोन्ही बाजूंना गोलाई असेल तर तुकडे पाडा किंवा काम सोडा. काचेवर ब्लेड चालवून काठ कापणारेही पाहिलेत. टफन्ड काचेवर ओरखडा पडला की तो कायमचा, आणि बिल आपल्या नावावर.

लावल्यानंतर दोन दिवस बस धुवायची नाही, गम पूर्ण बसायला तेवढा वेळ लागतो. पुढेही फवारा काठावर तिरका नको, समोरून आणि हातभर लांबून. हे मी आता कागदावर लिहून धुणाऱ्या पोरांच्या नळाशेजारी चिकटवतो. सुपरवायझरला सांगून काही उपयोग होत नाही.

चौथ्यांदा लावलेली काच या वर्षीच्या पावसात उभी होती. परवा जाहिरात बदलायची म्हणून ती काढली. लॅमिनेशन असलं की हे एक सुख असतं, तुकडे तुकडे न होता अख्खं पान निघतं. टेबलावर उलटं ठेवून काठ मोजला. मातीची रेघ बाहेरच्या पट्ट्यात तीन-साडेतीन मिलिमीटरवर थांबली होती, भोकांपर्यंत पोचली नव्हती. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात आठवर गेली होती. तिथे कोपरा गोल कापायचा राहून गेला होता.